त्या आईचं नाव

मंजुश्रीचं नाव मी झाकणार न्हाई. ज्यानं झाकायचं होतं त्यानं ते छापून टाकलंय, गुळगुळीत कागदावर, गावाच्या नावासकट. आता मी झाकून काय उपयोग? मंजुश्री हरिओम बिरादार. माझी धाकटी बहीण. गाव मुडबीच्या अंगाला, एवढं सांगते, त्याच्या पुढं मला विचारू नका. ज्या पोरांच्या टोळीपायी हे सगळं झालं तिचं नाव मी घेत न्हाई. गावात नुस्तं 'दल' म्हणतात, मीबी दलच म्हणते. आणि त्या दलाचा जो म्होरक्या हाय त्याला पुस्तकात 'विक्रांत' असं खोटं नाव दिलंय, तर मीबी विक्रांतच म्हणते. बघा म्हणजे! तलवारी नाचवणाऱ्याला झाकायला टोपणनाव, आणि माझ्या बहिणीला झाकायला कायबी न्हाई. हे आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

मंजू लहानपणापासून बोलकी. आमचे अप्पा, श्रीपतराव, तुरीचा व्यापार करायचे. माल घेऊन येणारे शेतकरी कन्नड बोलायचे, हमाल दखनी उर्दू बोलायचे, घरात मराठी. तिन्ही भाषा मलाबी येतात, पण एकीतून दुसरीत जायला मला जरा वेळ लागतो. मंजूला लागत नव्हता. भाव ठरताना भांडण जुंपलं की अप्पा तिला पोत्यावर बसवायचे आणि म्हणायचे, "मंजे, ह्याला नीट सांग गं." ती नीट सांगायची, आणि भांडणारे दोघंबी हसत उठायचे. पुढं लग्न आत्याच्या घरातच झालं, हरिओमसंगं. त्यामुळं माहेर आणि सासर एकाच गावात. हरिओमचं बी-बियाण्याचं दुकान हाय.

गावातल्या बायका बिदरला दवाखान्यात निघाल्या की मंजूला संगं न्यायच्या. डॉक्टर कुठला कुठला असतो, त्याची भाषा वेगळी, बाई लाजून अर्धंच सांगते. मंजू तिच्या कानाशी लागून राहिलेलं विचारून घ्यायची आणि मग डॉक्टरला सांगायची. पण एकीचं दुखणं दुसरीला कधी कळलं न्हाई. माझं घर बिदरातच, नौबादला. दवाखान्यातून त्या माझ्याकडं चहाला यायच्या. बाई मोरीकडं गेली की मी हळूच विचारायचे, "काय झालंय गं तिला?" मंजू म्हणायची, "अक्का, तुला काय करायचंय? भाजी निवड." मला राग यायचा. सख्ख्या बहिणीला सांगायला काय झालं? पण तिचं तसंच होतं, आणि त्याचमुळं गावात तिच्या शब्दाला किंमत होती. मंजू म्हणली म्हणजे तसंच आसंल, असं लोक म्हणायचे.

आता दलाचं सांगते. आधी ही पोरं गणपतीत ढोल वाजवायची, खुर्च्या लावायची. सगळ्यांना कौतुकच होतं. मग विक्रांत आला, त्यांना काळे शर्ट शिवून दिले, दसऱ्याला तलवारींची पूजा घातली. मग पोरं रस्त्यात मोटारसायकली अडवायला लागली, नाव काय, जात काय, मागं बसलेली पोरगी कोण, असं विचारायला लागली. तीन वर्षांमागं बाजाराच्या दिवशी त्यांनी मोटारसायकलवर चादरी विकणाऱ्या एका तरण्या मुसलमान पोराला धरलं. कामून, तर म्हणे एका गिऱ्हाईक पोरीसंगं हसून बोलला. त्याचा हात मोडला. त्याच्या चादरी नाल्यात टाकल्या. पोलिसांच्या कागदात आलं की अनोळखी लोकांनी मारलं. अनोळखी! ज्यांना मी शेंबूड पुसताना बघितलंय ते अनोळखी.

तवा संकर्षण आला. आमच्या नौबादचाच, शारदाबाईंचा लेक, माझ्या समोरचं घर. शिकायला परदेशी गेला आणि तिथल्या विद्यापीठात असल्या दलांवर अभ्यास करायला लागला. पोरं कशी ओढली जातात, त्यांना काय शिकवतात, घरच्यांना काय वाटतं, असा अभ्यास. अभ्यास वाईट हाय असं मी म्हणत न्हाई. कुणीतरी विचारलंच पायजे. पण ह्याचं शिक्षण सगळं इंग्रजीत, खेड्यातलं बोलणं ह्याला अर्धं कळायचं. मंजू माझ्या घरी दवाखान्याच्या बायकांना घेऊन आलेली, एकीला कन्नडात, एकीला दखनीत समजावून सांगायलेली. हा ऐकत बसला आणि म्हणला, "मंजुश्रीताई, माझ्याबरोबर काम कराल का?"

मंजू लगेच हो म्हणली. मी तिला एकटीला धरून विचारलं, "कामून पडायलीस ह्यात? तुझा काय संबंध?" ती म्हणली, "अक्का, त्या चादरीवाल्याकडनं मी दर साली चादर घेते. आणि त्याला मारताना सगळा बाजार उभारला होता. उद्या कुणी विचारलं तर कायच घडलं न्हाई असं होईल. कुठंतरी लिहून तरी राहू दे." 

कामाची रीत अशी. संकर्षण ज्याच्याकडं जाईल त्याला आधी एक कागद वाचून दाखवायचा. तुमचं नाव कुठंबी येणार न्हाई, तुम्हाला त्रास होणार न्हाई, नको वाटलं तर कधीबी उठा. त्याच्या विद्यापीठात नीतिमत्तेची एक समिती म्हणे, तिनं हा कागद सक्तीचा केलेला. मंजूनं आपल्या बारावीच्या इंग्रजीवर तो कागद तिन्ही भाषांत करून दिला. विक्रांतनं त्यावर सही केली, त्याच्या पोरांनी केली. मंजूनं मात्र कशावरच सही केली न्हाई, कारण तिला कुणी विचारलंच न्हाई. ती कामाची बाई. समितीनं मारणाऱ्यांची काळजी घेतली, भाषा सांगणारीची घेतली न्हाई. वा रे नीतिमत्ता!

घरात मंजूनं एवढंच सांगितलं की तरुण पोरांचा अभ्यास चाललाय. कुणी काय सांगितलं ते बाहेर काढायचं न्हाई हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि मग एक बाई तिच्याकडं आली. संकर्षणकडं न्हाई, मंजूकडं. तिचा लेक दलात. ती म्हणली, रेकॉर्डिंगचं मशीन बंद कर आणि त्या सायबाला माझं नाव सांगू नको, तरच बोलते. मंजूनं मोबाईल चुलीपलीकडं ठेवला आणि ऐकून घेतलं. नंतर संकर्षणला गोष्ट सांगितली, नाव सांगितलं न्हाई. पुस्तकात त्याच्यावर एक अख्खं प्रकरण हाय. 'एक आई' एवढंच म्हणलंय. त्या आईनं लेकाच्या फोनवर चादरीवाल्याला मारतानाचा व्हिडिओ बघितला होता. कोण कोण होतं, मारायला सांगितलं कुणी, काठ्या कुणी आणल्या, सगळं तिनं सांगितलं. आणि शेवटी ती म्हणली, "माझं पोर त्यात हसायलंय. मारलं त्याचं वाईट वाटलं, पण हसण्याचं मला सहन होईना." हे मला पुढं पुस्तक आल्यावर मंजूनं वाचून मराठीत सांगितलं तवा माझ्या अंगावर काटा आला. ती कोण, हे मात्र मलाबी सांगितलं न्हाई. दलात पोरं काय थोडी हायत? गल्लोगल्ली आया.

पुस्तक टपालानं आलं. मंजू तवा माझ्याकडं होती, त्यामुळं पाकीट अप्पांनी फोडलं. अप्पांना इंग्रजी येत न्हाई, पण लेकीचं नाव इंग्रजीतबी ओळखता येतं. सुरुवातीच्याच पानावर, आभारात. मंजुश्री हरिओम बिरादार, गाव अमुक, यांच्याशिवाय हे पुस्तक झालं नसतं. अप्पा पुस्तक घेऊन गावभर फिरले. हॉटेलात दाखवलं, सोसायटीत दाखवलं. आमच्याकडं कुणाचं पोर बारावीत पहिलं आलं तरी शाल-नारळ होतो, इथं तर लेकीचं नाव परदेशी पुस्तकात! अप्पांनी सत्कार ठरवला. ग्रामपंचायतीचं सभागृह घेतलं, फेटे बांधणारा सांगितला, आणि प्रमुख पाहुणा म्हणून कुणाला बोलवलं? विक्रांतला! का, तर गावात माईक त्याचा, खुर्च्या त्याच्या, मंडप त्याचा, आणि "पोरगा कामाचा हाय."

मोबाईलवर निमंत्रण आलं तवा मंजूच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं अप्पांना फोन लावला. "अप्पा, नको ते. बंद करा." अप्पा म्हणले, "शाल आणली, लोकांना सांगितलं, आता कामून लाजायलीस?" ती कारण सांगू शकंना. सांगितलं असतं तर अप्पांच्या तोंडून ते हॉटेलात गेलं असतं, म्हाताऱ्याला पोटात ठेवता येत न्हाई.

मग तिनं संकर्षणला फोन लावला. मी शेजारीच बसलेले. तो म्हणला, "ताई, अहो मानानं दिलंय नाव. इतकी वर्षं परदेशी अभ्यासकांनी तुमच्यासारख्यांच्या कष्टावर पुस्तकं लिहिली आणि नाव घेतलं नाही. तो अन्याय होता. मला तो करायचा नव्हता."

"मग मला विचारायचं तरी होतं," मंजू म्हणली.

"तुम्हाला आनंद होईल असं वाटलं. आणि काळजी करू नका, ते इंग्रजी पुस्तक तिकडं कोण वाचणार आहे?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे आम्ही सगळे अडाणी, वाचणारच न्हाईत, ह्या भरवशावर माझ्या बहिणीचा जीव टांगलेला!

सत्काराला मी गेले. सभागृह गच्च. विक्रांत भगवा फेटा बांधून मधल्या खुर्चीत, त्याच्या एका बाजूला अप्पा फुलून बसलेले, दुसऱ्या बाजूला मंजू. तिच्या अंगावर शाल आणि हातात नारळ, चेहरा पांढराफटक. पुस्तकाची ओळख करून द्यायला बंडोपंतांना उभं केलं. हायस्कूलात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले, आवाज अजून खणखणीत. त्यांनी पुस्तक आधी उघडूनबी बघितलं नव्हतं. मधलंच पान काढलं आणि एक वाक्य इंग्रजीत, एक मराठीत, असं सुरू झाले. "लेखक म्हणतात, दसऱ्याच्या दिवशी या गावी तरुण काळा वेश परिधान करून शस्त्रपूजन करतात. वा! म्हणजे आपल्या संस्कृतीचं दर्शन." टाळ्या. विक्रांत हसला. "पुढं म्हणतात, शस्त्रपूजनानंतर त्यांचा नेता त्यांना सांगतो की शेजारच्या गल्लीतल्या लोकांशी व्यवहार करणारा माणूस हा…" बंडोपंत थांबले. चष्मा वर केला, खाली केला. "हा… इथून पुढं इंग्रजी जरा कठीण आहे," म्हणले आणि पुस्तक मिटून खाली बसले.

एरवी मी पोट धरून हसले असते. पण विक्रांतनं शांतपणे ते पुस्तक घेतलं आणि खिशातला मोबाईल काढला. आजकाल मोबाईलला पान दाखवलं की तो कन्नडात सांगतो, मराठीत सांगतो, पायजे त्या भाषेत सांगतो. परदेशी विद्यापीठात बसलेल्याला हे ठाऊक नव्हतं व्हय? पाहुण्यांचं भाषण झालंच न्हाई. तो पान उलटत राहिला, फोटो काढत राहिला, आणि अप्पा त्याला म्हणायलेत, "घरी घेऊन जा की, निवांत वाच."

दुसऱ्या दिवशी तो मंजूच्या घरी आला. संगं पोरं. चपला बाहेर काढल्या, हरिओमला नमस्कार केला, पाणी मागून घेतलं. मी तिथंच होते. तो मंजूला म्हणला, "अक्का, तुमच्यावर आमचा राग न्हाई. त्या संकर्षण सायबावरबी न्हाई, शिकलेला माणूस हाय. फक्त ती आई कोण तेवढं सांगा. मी कुणाला सांगत न्हाई. तिला कायबी होणार न्हाई."

मंजू म्हणली, "मला माहीत न्हाई."

"तुम्हीच सांगितलं असं पुस्तकात लिहिलंय, अक्का."

मागनं एक पोरगं ओरडलं, "कुणाची आई हाय ती, आम्हाला कळायलाच पायजे!" मी त्याच्याकडं बघितलं. अरे, तुझीच असली तर?

 त्या दिवसापासनं हरिओमच्या दुकानाकडं कुणी फिरकंना. पेरणीचे दिवस, आणि लोक बियाणं आणायला थेट बसवकल्याणला जायला लागले. दवाखान्याला कुणी बोलवंना. अप्पांना सगळं कळलं तवा ते आधी माझ्यावर ओरडले, मग मंजूपुढं हात जोडले. "सांग की एकदाचं नाव, पोरी. आपलं काय लागतंय त्या बाईशी?" मंजू म्हणली, "अप्पा, तिनं मला सांगितलंय." एवढंच. 

मी स्वतः संकर्षणला फोन केला. चांगला झाडला. तो घाबरला, खरंच घाबरला, हे मी नाकबूल करत न्हाई. म्हणला, मी समितीला कळवलंय, वकिलांशी बोललोय, ताईंना थोडे दिवस तुमच्याकडं ठेवून घ्या. "आणि सगळी रेकॉर्डिंग एकदम सुरक्षित आहेत, कुणीही उघडू शकत नाही." मंजूनं फोन माझ्या हातातून घेतला. "रेकॉर्डिंग सुरक्षित हायत व्हय? आणि मी?"  मग तो काय म्हणला असेल? म्हणला, "ताई, हे जे घडतंय ते जमेल तसं आठवून सांगत जा. अभ्यासकांच्या सुरक्षेवर मी लेख लिहितोय, त्याला फार उपयोग होईल." मी फोन कापला. न्हाईतर माझ्या तोंडून काय निघालं असतं देव जाणे.

मंजू नाव सांगत न्हाई म्हणल्यावर विक्रांतनं दुसरी वाट काढली. आमच्या गावात मैलाराचं, म्हणजे खंडोबाचं, देऊळ हाय. बांधाचं भांडण असो की चोरीचा आळ, बेलभंडारा उचलला की ते मिटलं. ताटात बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा, ते हातात घेऊन देवासमोर जे बोलेल ते खरं. उचललेल्या माणसाला पुन्हा तीच गोष्ट विचारायची न्हाई, विचारलं तर देवावर अविश्वास. विक्रांतनं दवंडीसारखं सगळ्यांच्या मोबाईलवर टाकलं की रविवारी दलातल्या प्रत्येक पोराच्या आईनं देवळात यायचं आणि बेलभंडारा उचलून सांगायचं की मी बोलले न्हाई. जी उचलणार न्हाई ती कोण, हे गावाला कळंल.

हे वाचून मंजू म्हणली, "ती उचलणार न्हाई, अक्का. उपाशी राहील, मार खाईल, पण देवाच्या दारात खोटं बोलणार न्हाई. मला माहीत हाय ती." मी म्हणलं, "आपण पोलिसात जाऊ." "काय सांगू? कोणती आई म्हणून सांगू?" खरंच हाय. पोलिसांनीबी पहिला तोच प्रश्न विचारला असता.

रविवारी सकाळी ती न्हाऊन, हिरवं लुगडं नेसून तयार झाली. हरिओमनं विचारलं, "कुठं जायलीस?" "देवळात." तो संगं निघाला, मीबी निघाले. देवळासमोर आया रांगेत उभ्या. कुणी पदर तोंडावर घेतलेला, कुणी लेकाकडं बघायलेली. लेकं समोर काळे शर्ट घालून हाताची घडी घालून उभी. जन्म दिलेल्या आयांची झडती घ्यायला! असला धर्म कुठल्या पोथीत हाय हे मला कुणीतरी दाखवा. पुजारी रेवणप्पा ताट घेऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यात बसलेले. म्हातारे झालेत, पण देवाच्या रीतीत कुणाचं ऐकत न्हाईत.

मंजू रांगेच्या पुढं गेली. विक्रांत म्हणला, "अक्का, तुम्हाला कुणी बोलावलं?" तिनं त्याच्याकडं बघितलंबी न्हाई. रेवणप्पांपुढं बसली आणि दोन्ही हातांत बेलभंडारा उचलला. हळद खाली सांडायलेली. पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"मैलाराला साक्षी ठेवून सांगते. असली कुठली आई माझ्याजवळ बोलली न्हाई. ह्या बायांतली न्हाई, दुसरी कुठली न्हाई. मी ते मनानं रचून सांगितलं. खोटं बोलत आसले तर माझं तो बघून घेईल."

 मी आतून हादरले. मंजूनं? जिनं साधं उपवासाचं खोटं कधी सांगितलं न्हाई तिनं, देवाच्या उंबऱ्यात? त्या रांगेत ती बाई उभी होती. तिच्यासाठी हे चाललंय हे तिला ऐकू येत होतं. मी मुद्दाम बायांकडं बघितलं न्हाई. बघितलं असतं तर मला तोंडावरून कळलं असतं, म्हणून मी देवळाच्या खांबाकडं बघत राहिले.

विक्रांत पुढं आला. "रेवणप्पा, ही त्या आईला वाचवायसाठी बोलायली. बाकीच्यांनी उचलायलाच पायजे."

रेवणप्पांनी ताट मांडीवर ओढलं. "उचललं तिनं. कुठलीच आई न्हाई म्हणली देवासमोर. आता दुसरीला विचारणं म्हणजे देव खोटा म्हणणं. म्हणायलास का तू देवाला खोटा?"

धर्माचा राखणदार एक पाऊल मागं सरला. सगळा गाव बघायलेला, काय बोलणार? मग त्याच्या ध्यानात आलं की ह्यात त्याचाच फायदा हाय. त्यानं मोबाईल काढला आणि म्हणला, "अक्का, हेच पुन्हा एकदा इथं बघून बोला. पुस्तकातलं खोटं हाय म्हणून." मंजू बोलली. हळदीचे हात तसेच, डोळे कोरडे. रेवणप्पा ताट घेऊन आत गेले आणि आया घरोघर पांगल्या.

तो व्हिडिओ कुठं कुठं गेला विचारू नका. दुकान हळूहळू सुरू झालं. पण मंजूला गावानं खोटारडी ठरवलं. पैशासाठी गावाची बदनामी रचली म्हणे. चादरीवाल्यानं पुढं कोर्टात दलाची नावं देऊन खटला घातला होता, त्यात दलाचा वकील तोच व्हिडिओ दाखवायलाय असं कळलं, त्या दिवशी मंजू जेवली न्हाई. त्याच पोरासाठी ती ह्यात पडली होती. दवाखान्याला आता बायका एकट्या जातात, डॉक्टरपुढं अर्धंच सांगून परत येतात. मंजू मैलाराच्या देवळाची पायरी चढत न्हाई. बाहेरूनच हात जोडते. मी म्हणलं, "देवाला सगळं कळतंय गं." ती म्हणली, "कळतंय म्हणूनच आत जात न्हाई."

आणि मग संकर्षण आला. त्याच्या विद्यापीठापर्यंत व्हिडिओ पोचला होता. चौकशी बसली होती, पुस्तकातली आई खरी की रचलेली म्हणून. मंजू माझ्याकडंच होती. तो समोर बसला, वाळलेला, दाढी वाढलेली. आधी म्हणला, माझं चुकलं, नाव छापायला नको होतं. मग हळूच मुद्द्यावर आला.

"ताई, तुम्ही तिला वाचवलंत हे मला कळतं. पण आता ते म्हणतात मीच सगळं बनवलं. दहा वर्षांचं काम जाईल माझं. आणि उद्या त्या दलावर कुणी एक ओळ लिहिली तरी लोक हा व्हिडिओ दाखवतील. फक्त ती आई कोण ते मला सांगा. समितीतली दोनच माणसं तिच्याशी बोलतील, एकदम गुपचूप. मी कुणालाही सांगणार नाही."

मंजू म्हणली, "विक्रांतबी हेच म्हणला होता. माझ्या घरात बसून. कुणाला सांगत न्हाई, तेवढं नाव द्या."

त्याचा चेहरा उतरला. "माझी आणि त्याची बरोबरी करता, ताई? मी तिला काही करणार नाही."

"मलाबी तू काय केलं न्हाईस, संकर्षण," मंजू म्हणली.

 मी उठले आणि त्याच्यासाठी दार उघडून धरलं.